आज कोण दमलं?

सकाळी खोलीत शिरताना तिचं पहिलं वाक्य हेच असायचं. नमस्कार नाही, गुड मॉर्निंग नाही. चपला दाराबाहेर काढायची, चौकटीला धरून गुडघ्यांना क्षणभर विसावा द्यायची आणि आतल्या आयाबायांकडे बघून विचारायची, “आज कोण दमलं?”

पहिले कितीतरी दिवस तिला कुणी उत्तरच दिलं नाही. बाईमाणसाला हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही, तुम्हीही आठवून बघा. जेवलीस का, विचारतात. अंगात ताप आहे का, तेही विचारतात. दमलीस का, हे कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं आणि ते ऐकून कुणाला काही करायचं नसतं. मग तीच स्वतःपुरतं सांगून टाकायची, “मी दमले,” आणि भिंतीला पाठ टेकून खाली फरशीवर बसायची.

तलासरीला हायवेपासून थोडं आत आमचं शिशुगृह आहे. कुणी सोडून गेलेली, कुणाला सापडलेली तान्ही मुलं तिथे असतात. मी तिथली नर्स. राहते डहाणू रोडला, रोज एसटीने जाऊन-येऊन करते. इतकी वर्षं झाली की कंडक्टर आता मला तिकीट देताना गाव विचारत नाहीत.

ही बाई युरोपातल्या कुठल्याशा थंड गावातून आली होती. तिकडे जन्मभर लहान बाळांची थेरपिस्ट म्हणून काम केलेलं. जे बाळ मान धरत नाही, जे बसत नाही, वळत नाही, त्याला हळूहळू ते करायला लावायचं, हा तिचा धंदा. निवृत्त झाली, नवरा गेला आणि सहा महिने आमच्याकडे फुकट काम करायला आली. आम्हाला वाटलं होतं, एखादं मशीन तरी घेऊन येईल. तिच्या पिशवीतून एक चटई निघाली आणि चार-पाच रंगीत रुमाल. आयाबायांनी एकमेकींकडे बघितलं. नव्याचे नऊ दिवस, असं त्या बघण्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

मराठी ती आयाबायांकडूनच शिकली. आया सगळ्या आसपासच्या पाड्यांवरच्या, त्यामुळे तिच्या तोंडी ‘नाय’ आणि ‘मना नको’, म्हणजे मला नको, हेच बसलं. ट्रस्टचे साहेब एकदा भेट द्यायला आले. ती घामाघूम होऊन भिंतीशी बसलेली पाहून हसत म्हणाले, “सेवेत कसला थकवा, मॅडम?”

ती म्हणाली, “सेवा नाय. काम हाय.”

साहेबांना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी चहा मागवला.

सगळे तिला ‘बाय’ म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागले. तर या बायची एक रीत होती, जिच्यावरून सुरुवातीला बरीच कुजबुज झाली. ती बाळाला हात लावायची नाही. आयाबाईला समोर बसवायची, बाळ आयाबाईच्या मांडीवर द्यायची आणि आपले तळवे आयाबाईच्या हातांवर ठेवायची. वळवायचं, उताणं-पालथं करायचं, छातीशी धरायचं, सगळं आयाबाईच्या हातांनी. वर बायचे हात, खाली बाळ, मध्ये जी असेल ती.

“काम आम्हीच करायचा, नि ही नुसती हातावर हात ठेवून बसणार,” असं आमच्या स्वयंपाकीणबाईनं कांदा चिरता चिरता जाहीर केलं होतं.

मी एकदा तिला सरळच विचारलं. ती म्हणाली, “मी जाणार हाय. बाळाला माझे हात कळले, तर मग काय? जो राहील, त्याचे हात पायजेत.”

आता आमच्याकडचा जुना नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या शिशुगृहात लळा लावायचा नाही. दर आठवड्याला पाळणे बदलायचे. या आठवड्यात एखाद्या बाळाला जिने न्हाऊ घातलं, तिने पुढच्या आठवड्यात दुसरं बाळ घ्यायचं. फार पूर्वीच्या एका मेट्रनबाईंनी हे सुरू केलं, आणि वाईट मनाने नव्हे. मुलं दत्तक जातात. ज्या दिवशी मूल जातं, त्या दिवशी ज्या आयाबाईचा जीव त्याच्यात अडकलेला असतो, ती मागच्या मोरीवर जाऊन धुतलेले लंगोट पुन्हा धुते. मी स्वतः पाहिलंय. ते बघवेना म्हणून मेट्रनबाईंनी पाळणे फिरवायला लावले, आणि त्या गेल्या तरी पाळणे फिरत राहिले.

बायनं येऊन महिना व्हायच्या आत सांगितलं, हे बंद करा. प्रत्येक बाळाला त्याची एक बाई पाहिजे. साहेबांनी मान हलवली, त्यांना त्यात काही खर्च दिसला नाही. आया कुरकुरल्या, पण तयार झाल्या. एक सोडून.

तिचं नाव जमनी. माहेर सायवनकडचं, सासर तलासरीजवळच्या एका पाड्यावर. चाळिशीची, काटक, कामाला वाघ. तिच्या हातून बाळ कधी निसटलं नाही की दूध कधी उतू गेलं नाही. पण काही वर्षांपूर्वी एका मुलात तिचा जीव असा गुंतला होता की तो दत्तक गेल्यावर ती कित्येक दिवस कामावर आली नाही. आली तेव्हा अर्धी झाली होती. तेव्हापासून ती पाळण्यांच्या नियमाची सगळ्यात कडक राखणदार. पाळणा बदलायचा दिवस कुणी विसरलं तर हीच आठवण करायची.

आणि बायनं तिच्या वाट्याला नंदा दिली.

नंदा हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. आठ महिन्यांची झाली तरी मान धड धरत नव्हती, वळत नव्हती. आमच्या सगळ्यांची ती लाडकी होती, कारण ती रडायची नाही. ओली झाली तरी नाही, भुकेली झाली तरी नाही. छताच्या पंख्याकडे बघत पडून राहायची. येणारे-जाणारे म्हणायचे, किती गरीब बाळ आहे. आम्हीही म्हणायचो. बायनं पहिल्या दिवशी तिच्या पाळण्याशी उभं राहून बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, “ही कधीपासून रडत नाय?”

पोटातल्या कुठल्या दुखण्यानं किंवा मेंदूतल्या कशानं हे झालेलं नव्हतं, डॉक्टरांनी तपासलं होतं. पण त्यांच्या अहवालात ‘वाढ मंद’ हे दोन शब्द पडले होते. दत्तक घ्यायला येणारी माणसं हे दोन शब्द वाचतात आणि पुढचं पान उलटतात. नंदा अशीच राहिली, तर पाळण्यातून मोठ्या मुलांच्या संस्थेत जाणार, तिथून आणखी कुठे, आणि घर म्हणून तिला काही मिळणार नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

जमनीनं पहिल्याच दिवशी बायला सांगून टाकलं, “न्हाऊ घालते, भरवते, तू सांगशील तसं वळवते. पण माझी म्हणून मना नको ती पोर.”

बाय म्हणाली, “बरं,” आणि आपले तळवे तिच्या हातांवर ठेवले.

उन्हाळाभर हे चाललं. खिडकीबाहेर चिकूच्या झाडाखाली सावली असायची, आत नुसती भट्टी. पंखा असून नसल्यासारखा. दोघी समोरासमोर बसायच्या, मध्ये नंदा. नंदा मान धरू लागली. मग ती एका कुशीवर वळली. आयाबायांनी त्या दिवशी साखर वाटली. जमनीनं साखर तोंडात टाकली आणि लंगोट वाळत घालायला गेली.

बाय मात्र खूश नव्हती. दुपारी चहा घेताना मला म्हणाली, “हात हायेत. डोळे नायेत.”

मी मग लक्ष देऊन बघितलं. खरं होतं. जमनीचे हात नंदाचं सगळं नेमकं करायचे, पण ती बघायची खिडकीबाहेर. महिनोन्‌महिने त्या बाईनं त्या पोरीच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. आणि नंदा पंख्याकडे बघायची.

एवढं मात्र झालं होतं की ‘आज कोण दमलं’ला आता उत्तरं येऊ लागली होती. कुणी सांगायची, घरी सासरा पडून आहे, झोप नाही. कुणी सांगायची, पाणी भरून भरून कंबर गेली. बाय ऐकायची, आणि जी जास्त दमलेली असेल तिच्याकडचं सगळ्यात रडकं बाळ दुसरीकडे द्यायची. उपाय एवढाच. पण बायका सकाळी वाट बघायला लागल्या. कधी बाय एसटी चुकून उशिरा आली, तर म्हणायच्या, अजून विचारलं नाय कुणी.

जमनी कधी बोलली नाही. तिला विचारलं तर म्हणायची, “मी नाय दमत.”

भातलावणीचे दिवस आले. आमच्याकडे लावणीला कुणी कुणाची रजा अडवत नाही, अडवून उपयोगही नसतो. आयाबाया आपापल्या शेतांत गेल्या. खोलीत बाय, मी आणि गावातली एक बदली पोरगी. मी पलीकडे तापाच्या बाळापाशी होते. बदली पोरगी दूध गरम करायला गेली. नंदाला भरवलेलं उलटून आलं आणि जोरात ठसका लागला. ती निळी पडायला लागली.

बाय ओरडली नाही. तिनं नंदाला उचललं, पालथं घेतलं, पाठीवर थापटलं, दूध बाहेर आलं, आणि नंदानं श्वास घेतला. मग नंदा रडली. मी धावत आले ती त्या आवाजाला. असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बाय तिला छातीशी धरून फरशीवर बसली होती आणि नंदाची मूठ तिच्या सदऱ्यात घट्ट अडकलेली होती. ती मूठ मी सोडवायला गेले तर सुटेना. मग ती दुपारभर तशीच राहिली.

लावणी आटोपून आयाबाया परतल्या, त्या सकाळची गोष्ट. बाय दारात आली. चौकटीला हात लावला. तिनं काही विचारायच्या आत पाळण्यातून नंदानं दोन्ही हात वर केले.

बाळानं हात वर केले यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. घरातलं प्रत्येक मूल करतं. आमच्याकडची मुलं करत नाहीत. हात वर करायला, कुणीतरी उचलेल ही खात्री लागते. आयाबायांनी टाळ्या वाजवल्या. स्वयंपाकीणबाई पदराला हात पुसत बघायला आली. आणि बाय दाराच्या चौकटीशीच खाली बसली. तिचा चेहरा उतरला होता.

“वाईट झालं,” ती म्हणाली. “माझ्यासाठी केले. मी जाणार हाय.”

तिचा व्हिसा संपायला थोडेच आठवडे उरले होते. तिनं जमनीला हाक मारली. “आता तू घे. आता नाय घेतलं, तर ती परत कधी हात वर नाय करणार.”

जमनी तिथेच उभी राहिली. इतक्या वर्षांत मी तिला मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, त्या दिवशी ऐकलं. “मी घेतली तर ती बसंल, चालंल. मग गाडी येईल नि तिला नेतील. तू जाशील, ती जाईल. मी इथंच हाय. माझं काय?”

मला वाटलं, आता बाय तिला काहीतरी चांगलं सांगेल. शिकलेली माणसं अशा वेळी सांगतात तसं. त्याग, पुण्य, देव बघतो वगैरे.

“तू दमशील,” बाय म्हणाली. “खूप दमशील. दुसरं काय नाय.”

जमनी निघून गेली, मोरीकडे.

दुसऱ्या दिवसापासून बायनं जे केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. ती नंदापासून लांब बसायला लागली. आधी जमनीच्या शेजारी, नंदाला दिसेल पण हाताला लागणार नाही अशी. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मग दारात. नंदा रडायची. जी एरवी कधी रडायची नाही ती आता घसा फोडून रडायची, बायकडे हात करून. बाय उठायची नाही. खाली मान घालून बसायची. आयाबायांना ते बघवेना. एकजण मला म्हणाली, “सिस्टर, ही बाय काळजाची नाय काय?” मी बायचे हात बघत होते. एका हाताने दुसरा हात तिनं इतका दाबून धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

आणि मग एक दिवस ती खोलीत आलीच नाही. दारातून “आज कोण दमलं?” विचारलं आणि अंगणात वळली. बाहेर चिकूच्या झाडासमोर दोन पायऱ्या आहेत, त्यातल्या खालच्या पायरीवर खोलीकडे पाठ करून बसली. खिडकी तिच्या डोक्यावर. आतून रडणं येत होतं. ती दिवसभर तिथे बसली. दुसऱ्या दिवशीही. मी तिला चहा नेऊन द्यायचे, तो गार व्हायचा.

त्यातल्याच एका दुपारी आतलं रडणं थांबलं. मी आत गेले. जमनीनं नंदाला कडेवर घेतलं होतं, आपल्या लुगड्याच्या पदरानं बांधून, पाड्यावरच्या बाया बांधतात तशी. नंदा हुंदके देत होती. आणि जमनी तिच्या तोंडाकडे बघत होती. नाक पुसत होती, आणि बघत होती. मी बाहेर येऊन बायला एवढंच सांगितलं, “बघितलं तिनं.”

बायनं मान हलवली. तिनं वळून खिडकीकडे पाहिलं नाही. एकदाही नाही.

जायच्या दिवशी साहेबांनी निरोपसमारंभ ठेवला होता. शाल, श्रीफळ, खुर्च्या, फोटोग्राफर. फोटो बाळांच्या खोलीत काढायचा होता, बायच्या मांडीवर नंदा. बाय म्हणाली, “मना नको.” शाल नको की फोटो नको, साहेबांना नीट कळलं नाही, त्यांना दोन्हीचा राग आला. शेवटी शाल ऑफिसात पांघरली गेली आणि नारळ तिनं स्वयंपाकीणबाईला दिला. मी तिच्याबरोबर स्टेशनपर्यंत गेले. वाटेत ती झोपली. इतकी गाढ झोपली की डहाणू रोड आल्यावर तिला हलवून उठवावं लागलं.

तिकडून ती फोनवर लिहायची. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत. “बसली?” मी लिहायचे, बसली. काही दिवसांनी, “उभी?” उभी राहते धरून. “कोण दमलं?” मी आयाबायांची नावं कळवायचे. हिवाळ्यात तिचे निरोप कमी झाले, मग आलेच नाहीत. तिचं वय झालं होतं, गुडघे गेले होते, त्या घरात ती एकटी होती. विचारायला दुसरं कुणी मला माहीत नाही.

होळीनंतर नंदाला न्यायला माणसं आली. अहवालातले ते दोन शब्द नवीन अहवालात नव्हते. नवरा-बायको नाशिककडचे, साधे, घाबरलेले. बाईला मूल घेता येत नव्हतं नीट, काचेचं भांडं धरावं तशी धरत होती. ती दोघं काही दिवस डहाणू रोडला लॉजवर राहिली आणि रोज यायची.

पहिल्या दिवशी जमनीनं त्या बाईला समोर बसवलं. नंदाला तिच्या मांडीवर दिलं. आणि आपले तळवे तिच्या हातांवर ठेवले. कुणी सांगितलं नव्हतं. “असं धरायचं,” ती म्हणाली. “नि तोंडाकडं बघायचं.”

दुसऱ्या दिवशी ती शेजारी बसली. मग दारात. नंदा “जमी, जमी” करून रडत होती, तेवढं तिला बोलता येऊ लागलं होतं. शेवटच्या दिवशी मी आले तेव्हा जमनी खोलीत नव्हती. मी मोरीवर जाऊन बघितलं. मोरी कोरडी होती.

ती पायरीवर बसली होती. खालच्या पायरीवर, खिडकीकडे पाठ करून, एका हातात दुसरा हात. आत नंदा रडत होती. मी तिच्याशेजारी बसले. बऱ्याच वेळानं आतून त्या बाईचा आवाज आला, काहीतरी गुणगुणल्यासारखा, आणि रडणं हळूहळू उतरलं. मग फाटकाशी गाडी सुरू झाली, वळली आणि हायवेच्या आवाजात मिसळून गेली.

मी विचारलं, “जमनी, आज कोण दमलं?”

“मी, सिस्टर,” ती म्हणाली. “मी दमली.” आणि तिनं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं.

थोड्या वेळानं म्हणाली, “बायला कळवा.”

मी तिथेच बसून फोन काढला आणि बायला समजेल तसं लिहिलं, नंदा गेली, जमनी पायरीवर बसली आहे. रोज एसटीत बसले की तो निरोप उघडून बघते. त्याच्यापुढे अजून एकच टिक आहे.